80 हजारांत टिकाऊ गेमिंग लॅपटॉप: 'कार्डाचा आकडा बघा' म्हणणाऱ्यांना उत्तर

स्क्रूड्रायव्हर:
सातारकर यांनी विचारलं होतं: मुलगी इंजिनिअरिंगला पुण्यात येतेय, बजेट 80 हजार, गेम खेळते, लॅपटॉप डिग्री संपेपर्यंत टिकला पाहिजे. त्यावर फ्रेमरेट यांचा सल्ला: 'गेमिंग लॅपटॉप तीन वर्षांत जातोच. बजेटात बसणारं सगळ्यात मोठ्या आकड्याचं ग्राफिक्स कार्ड घ्या, बाकी बघू नका.' अशा सल्ल्यानं लोकांचे पैसे पाण्यात जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060 कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीही पॉवरवर बसवलेलं असू शकतं. पातळ बॉडीत 45 वॅटवर कोंडलेलं 4060 आणि जाड बॉडीत 95 वॅट मिळणारं त्याखालचं 4050, यांत खेळताना फार फरक उरत नाही. पैसे मात्र आकड्याचे मोजावे लागतात. दुकानात डेमो पीस असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' लिहिलेली असते. सेल्समनला विचारू नका, स्वतः वाचा.

रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नको, दोन स्लॉट हवेत. एसएसडीला दुसरा स्लॉट असला तर उत्तम.

आणि धूळ. वाकड-हिंजवडीकडं बांधकामांची, पेठांत रहदारीची. पंख्याच्या पात्यांवर दिसते ती किरकोळ. खरा थर पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींच्या मधे नमद्यासारखा बसतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो सुटून उलटा पंख्यात जातो. खालचं झाकण काढा (स्क्रू लांडे-लांब असतात, जागेप्रमाणे मांडून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरच्या बाजूला फुगा येतो), आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पंखा दोन-तीन स्क्रू काढून बाहेर घ्या, मग ब्रश. हवा मारायचीच असेल तर पंखा बोटानं धरून, भरभर फिरू द्यायचा नाही. ज्या मॉडेलचा पंखा हीटसिंक न उचलता निघतो, तेच घ्या. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, मॉडेलचं नाव टाकून उघडण्याचा व्हिडिओ आधी बघावा लागतो.

फ्रेमरेट:
धूळ झाडता येते, रॅम वाढवता येते, चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलता येते. ग्राफिक्स मेमरी वाढवता येते का? नाही. 4050 ला 6 जीबी, 4060 ला 8 जीबी, आणि 2025 च्या 'डूम: द डार्क एजेस'ला किमान म्हणूनच 8 जीबी लागते. म्हणजे तुमचं स्वच्छ, थंड, पेस्ट बदललेलं 4050 त्या गेमच्या किमान अटीतच बसत नाही. टिकणं म्हणजे नुसतं चालू होणं नव्हे. मुलगी चौथ्या वर्षाला जाईल तेव्हा 6 जीबीत टेक्श्चर (गेममधल्या चित्रांचा बारकावा) खाली आणूनही झटके बसतील. तुम्ही दुरुस्तीच्या टेबलावरून बघताय, खेळणाऱ्याच्या खुर्चीतून नाही.

स्क्रूड्रायव्हर:
मेमरीचा मुद्दा बरोबर आहे. 4 जीबीचं कार्ड आज कुणी घेऊच नये, आणि 8 जीबी 80 हजारांत मिळत असेल तर घ्यावं. पण 'बाकी बघू नका' हे तुमचेच शब्द आहेत आणि माझा राग त्यावर आहे. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा 40 ला टेकतो. होस्टेलच्या खोलीत, गादीवर, बुडाच्या जाळ्या बंद करून तो लॅपटॉप चालणार. थर्मल थ्रॉटलिंग सुरू झाल्यावर, म्हणजे तापलेली चिप स्वतःच वेग कमी करू लागल्यावर, 8 जीबी असून काय उपयोग?

पेस्टचंही सांगतो. चिप तापते-निवते, तशी साधी पेस्ट कडेला ढकलली जाते. प्रोसेसरचा एक कोर इतरांपेक्षा 15-20 अंशांनी जास्त तापलेला दिसला की ओळखा. त्याजागी पीटीएम 7950 ची शीट लावा. ती 45 अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि साध्या पेस्टसारखी कडेला सरकत नाही. शीटवरची संरक्षक फिल्म सुटत नसेल तर शीट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. मेमरीवरचे थर्मल पॅड मात्र मूळ जाडीचेच हवेत. मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड टाकला की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि काम केल्यावर तापमान उलट वाढतं.

बिजागरी:
कार्ड आणि पेस्ट यांवर किती भांडाल? स्वस्त लॅपटॉप आधी बिजागरीत मोडतो. कडक बिजागरी, आणि तिचे स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत दाबलेल्या पितळी नटांत. स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडत राहिलं की नट खुंटीसकट उपटतो, मग बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) उघडं पडतं आणि डिस्प्लेची केबल चिमटीत येते. स्क्रीन मधोमध धरूनच उघडावी. कोपऱ्यात कटकट आवाज आला की लगेच उघडून बिजागरीचा ताण ठरवणारा नट (खुंटीतला पितळी नव्हे) पाव फेरा ढिला करावा. पॅनेल फुटल्यावर उपाय महागात पडतो.

वायरमन:
पुण्यात पीजीत राहणाऱ्या पोरीचा लॅपटॉप, आणि अर्थिंगवर एक शब्द नाही! जुन्या वाड्यांच्या खोल्यांत थ्री पिन सॉकेट असतं, तिसऱ्या भोकाला वायर नसते. धातूच्या बॉडीला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात त्या यामुळेच.

पेठेतला:
झिणझिण्यांनी लॅपटॉप जात नाही. ॲडॉप्टरमधल्या वाय कपॅसिटरमधून (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागातून) येणारी ती गळती मायक्रोॲम्पियरमध्ये असते. मल्टीमीटर 110-115 व्होल्ट दाखवतो म्हणून लोक घाबरतात. त्या व्होल्टेजमागे करंटच नाही. लोकांना उगाच भीती घालू नका.

वायरमन:
भीती नाही, पोर्ट जळण्याचं कारण सांगतोय. बॉडी अशी अर्थला न जोडता तरंगत असताना अर्थ असलेल्या मॉनिटरची एचडीएमआय लावा, पहिल्या क्षणी ठिणगी उडते. केबल आधी लावावी, चार्जर नंतर. आणि स्पाइक गार्डमधले फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ हे दोन्ही एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारे भाग) अर्थशिवाय बिनकामाचे. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारातून कितीही चांगला गार्ड आणा, उरतो तो फक्त फेज-न्यूट्रलमधला.

पेठेतला:
स्पाइक गार्ड आणि एचडीएमआयचं पटलं. पण मग उपायही सांगा, नाहीतर घरमालक न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या भोकात जोडून 'झाली अर्थिंग' म्हणतील.

वायरमन:
तोच सगळ्यात घातक प्रकार. न्यूट्रल कुठंही तुटला तर लॅपटॉपच्या बॉडीवर सरळ 230 येतात, आणि तिथं करंटही असतो. खोली घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज-अर्थ 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. गीझरसारखा लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यच दिसत असेल तर सॉकेट उघडायला लावा, आत तो तुकडा असण्याची शक्यता असते. 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का तेही विचारा.

सातारकर:
मी विचारला होता लॅपटॉप, इथं खोलीच बदलायची वेळ आली. एवढंच सांगा: 95 वॅटचं 4050 की 60 वॅटचं 4060?

फ्रेमरेट:
4060. 60 वॅटला ते कोंडत असलं तरी 8 जीबी मेमरी जागेवर राहते. पॉवर बघून घ्या हे स्क्रूड्रायव्हर यांचं मी मानतो, माझ्या सल्ल्यात ती ओळ हवी होती. पण 6 जीबीकडं मी वळणार नाही.

स्क्रूड्रायव्हर:
4060 घ्या, पण दोन अटींवर: रॅम सोल्डर केलेली नको आणि पंखा वेगळा निघायला हवा. यातली एक जरी चुकली तरी 95 वॅटचं 4050. आणि टेबलावर कायम चार्जर लावून खेळणार असेल तर पहिल्याच दिवशी कंपनीच्या ॲपमधून चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर आणा. शंभर टक्के चार्ज आणि उष्णता एकत्र आली की बॅटरी फुगते. टचपॅड एका बाजूनं वर आलं किंवा क्लिक जड झालं तर त्याच दिवशी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदला, टोचून-दाबून बघू नका.