मदत हवी आहे: गावाकडचा लॅपटॉप आणि फोन लांबून कसा चालवायचा?

नमस्कार मंडळी, आई-बाबा साताऱ्याकडे गावी असतात आणि मी पुण्यात, बाबांना लॅपटॉपवर काही अडलं की फोनवर "आता उजवीकडे वर क्लिक करा" असं समजावत बसावं लागतं आणि दोघंही वैतागतो. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप बघितलं, पण त्यांच्याकडे होम एडिशन आहे, आणि त्यावर बाहेरून कनेक्ट होता येत नाही, त्याला प्रो लागतं. म्हणून क्रोम रिमोट डेस्कटॉप टाकलं, सहा आकडी पिन देऊन माझ्या मोबाईलवरूनही मस्त चालतं, पण लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की ऑफलाइन दाखवतो. चार्जरला असताना स्लीप कायमचं बंद ठेवलं तर चालेल ना?

दुसरं, आईचा अँड्रॉइड फोन. फोन लांबून बघायची-चालवायची ॲप आहेत त्यातलं कोणतं घेऊ, एनीडेस्क की रस्टडेस्क? स्क्रीन दिसणं पुरेसं नाही, मला इथून टच पण करता यायला हवं, त्यासाठी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी (म्हणजे ॲपला आपल्या वतीने स्क्रीनवर टच करू देणारी) द्यावी लागते, आणि तिथेच मला भीती वाटते कारण फसवणूक करणारे हीच ॲप टाकायला लावून बँकेतले पैसे काढतात. तिच्या फोनमध्ये यूपीआय आहे. काम झालं की ॲप काढूनच टाकायचं का? कोणी घरच्यांसाठी असं सेटअप केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.