सायरन वाजत असताना बॅले बघायला कोण जातं?

कीवमध्ये युद्धातही ऑपेरा हाऊसमधे बॅले चालू आहे म्हणे, जीव मुठीत धरून लोक खरंच जातात का?

प्रतिसाद १: जातात की! मे २०२२ ला परत सुरू झालं, शेल्टरमध्ये मावतील तेवढीच तिकिटं विकायचे, सायरन झाला की डान्सर मेकअपसकट खाली, प्रेक्षकही खाली, धोका टळला की वर येऊन पुढे चालू. रशियन संगीतकार चायकोव्हस्की मात्र बंद, त्याचा स्वान लेक बॅलेपण नाही, हे मला जरा जास्तच वाटतं पण राग समजतो.

प्रतिसाद २: युद्धात बॅले हे काही नवीन नाही. मे १९४० मध्ये लंडनची सॅडलर्स वेल्स बॅले कंपनी हॉलंड दौऱ्यावर असताना जर्मन घुसले, सेट, कपडे सगळं तिथंच टाकून पळाले आणि तरी युद्धभर नाचले, प्रसिद्ध बॅले नर्तकी मार्गो फाँटेन त्यातलीच.

प्रश्नकर्ता: मेकअपसकट शेल्टरमध्ये, बाप रे! व्हिडिओ असेल तर टाका ना.