मदत हवी आहे: प्रॉडक्ट फोटोग्राफीच्या कार्यशाळेला २१ हजार घालावेत का?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्येच दोन दिवसांची कार्यशाळा आहे. फी १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. शिकणारे २४, लाइटचे सेट दोनच. सहा तास प्रात्यक्षिक धरलं तरी माणशी अर्धा तास! मला हेच फार खटकतंय.

काम भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेचं. धातूची चमक नुसत्या लेन्सवरच्या पोलरायझरने (चकाकी कापणाऱ्या फिल्टरने) जात नाही, लाइटवरही पोलरायझिंग फिल्म लागते. पण मग तांबं मातकट दिसतं. मोठा डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) जवळ आणला तर कळशीच्या पोटात त्याच्या कडा आणि कॅमेरा उमटतो.

अशा कार्यशाळेत गोल, चकचकीत वस्तू स्वतः लाइट लावून टिपायला देतात का? रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) मिळतात? की त्याच पैशांत दुसरा लाइट, सॉफ्टबॉक्स (लाइटवर लावायची, प्रकाश मऊ करणारी पेटी) आणि ट्रेसिंग पेपरचा रोल घ्यावा? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, नोंदणी लवकरच बंद होतेय.