परदेशात कागदी नकाशा हवाच, पण लॅमिनेट केलेला नको

गोदाकाठ:
गेल्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला गेलो होतो. लाउटरब्रुनेन भागाचा नकाशा इथे नाशिकलाच रंगीत छापून लॅमिनेट करून नेला. तिसऱ्या दिवशी पावसात तो घडीवर तडकला, पाणी आत शिरलं, शाई पसरली. म्युरेन गावाच्या वर एका तिठ्यावर पिवळी पाटी होती. दोन बाजूंना दोन नावं आणि लागणारा वेळ. त्यातलं आमच्या बाजूचं नाव कुठलं, तेच कळेना. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन धुक्यात पाऊण तास उभा होतो.

साधा कागदही नकोच. चार घड्या मिळतात तिथे आधी भोक पडतं. नकाशा सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकपासून केलेल्या कागदावरचाच घ्या. भिजत नाही, सहजी फाटत नाही, कशीही घडी घाला. रायजे नो-हाऊ या जर्मन प्रकाशनाचे किंवा नॅशनल जिओग्राफिकचे तसे मिळतात. घेताना प्रमाण मात्र बघा. अख्ख्या देशाच्या नकाशात पायवाट सापडणार नाही. पायी फिरायला १:५०,००० तरी हवं, म्हणजे २ सेंमीला १ किमी.

पंचवटीकर:
अजिबात पटलं नाही. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फ्लाइट मोडवरही जागा कळते. स्विसटोपो या स्विस सरकारच्या नकाशा खात्याचं ॲप फुकट आहे, नकाशे घरीच उतरवून न्यायचे. तुम्ही कुठे उभे आहात हे कागद सांगत नाही, आणि धुक्यात खुणेला डोंगरही दिसत नाही. फोन उघडला असता तर आई-बाबांचा पाऊण तास वाचला असता.

गोदाकाठ:
उघडला होता हो! गूगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता सांगतं, पायी वाट नाही. स्विसटोपो ठाऊक नव्हतं, ती चूक माझी. पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही.

दुसरं म्हणजे, खाली येऊन सिंथेटिक नकाशा घेतला आणि रात्री जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. चष्मा वर सारून एका वाटेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं समोच्च रेषा, सारखी उंची दाखवणाऱ्या, चिकटल्यात बघ. हा चढ तुझ्या आईला झेपायचा नाही." दुसऱ्या दिवसाची वाट त्यांनीच आखली. तळहाताएवढ्या स्क्रीनवर तिघांनी मिळून हे कसं करायचं?

सिडकोची लेक:
डोंगरात ठीक आहे. मी मुलीबरोबर दक्षिण कोरियात सोलला गेले होते, तिथे कागदाचा काही उपयोग झाला नाही. गूगलही पायी रस्ता दाखवत नव्हतं. नेव्हर मॅप हे तिथलं ॲप घेतलं तेव्हा मेट्रोचा नेमका दरवाजा सापडला. शहरात जाणाऱ्यांनी नकाशावर पैसे घालू नयेत.

पंचवटीकर:
ताईंशी सहमत. आणि बाबांनी पाहिल्या त्या रेषा ॲपमध्येही असतात, टॅब न्यायचा.

गोदाकाठ:
रविवारी अंजनेरीच्या डोंगरावर या. पाऊस आहेच. तुमचा टॅब, माझा तोच सिंथेटिक नकाशा, दोन्ही सॅकबाहेर, हातात धरून वर जाऊ.