शब्दचर्चा : ‘रेस’, ‘एथ्निसिटी’ आणि ‘सिलेक्टिव्ह कॉलेज’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अमेरिकेतील ज्या महाविद्यालयांत प्रवेश मिळणे अतिशय अवघड असते, त्यांच्याकडे येणाऱ्या अर्जांत निरनिराळ्या समाजगटांचे प्रमाण कसे बदलत गेले, याविषयीचा एक लेख मी मराठीत आणत आहे. मूळ मजकुरात ‘रेस’ आणि ‘एथ्निसिटी’ हे शब्द सतत जोडीने येतात. मी पहिल्यासाठी ‘वंश’ आणि दुसऱ्यासाठी ‘जातीयता’ असे लिहिले, ‘सिलेक्टिव्ह कॉलेज’साठी ‘निवडक महाविद्यालय’ आणि ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’साठी ‘आरक्षण’ असे शब्द योजले. शीर्षक झाले ‘निवडक महाविद्यालयांतील अर्जांचे वांशिक व जातीय कल’. ते ज्यांना वाचून दाखवले त्यांपैकी एकालाही हा लेख अमेरिकेविषयी आहे असे वाटले नाही. शब्द कोठे चुकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या शीर्षकातील जवळपास प्रत्येक शब्द मराठीत आधीपासून दुसऱ्या अर्थाने वापरात आहे, आणि वाचक तोच अर्थ घेऊन पुढे जातो.

‘निवडक’ हा शब्द पाहा. ‘निवडक कविता’, ‘निवडक पाहुणे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ज्यांची निवड झाली आहे ते आपल्याला अभिप्रेत असतात. त्यामुळे ‘निवडक महाविद्यालये’ म्हणजे कोणीतरी वेचून काढलेली थोडीशी महाविद्यालये. इंग्रजी शब्दाचा रोख नेमका उलट आहे, कारण तेथे निवड करणारे महाविद्यालयच असते. ‘चोखंदळ’ हा शब्द कर्त्याचा गुण सांगतो, पण त्यात आवडीनिवडीची छटा येते. शिवाय मूळ संज्ञा मोजता येणारी आहे. शंभर अर्जदारांपैकी किती जणांना जागा देऊ केली जाते, यावरून ती ठरते, आणि अमेरिकेतील सामायिक अर्जव्यवस्था असलेल्या ‘कॉमन अ‍ॅप’च्या अहवालांत २५ टक्क्यांहून कमी प्रवेशदराची महाविद्यालये वेगळ्या गटात दाखवली जातात. म्हणून मी ‘अल्प प्रवेशदराची महाविद्यालये’ असे लिहीन, आणि पहिल्या उल्लेखात ‘मोजक्याच अर्जदारांना जागा देणारी’ असा खुलासा जोडीन.

‘जातीयता’ मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. ‘जातीय दंगल’, ‘जातीय सलोखा’ या प्रयोगांतील ‘जातीय’ मराठी वाचकाच्या मनात इतका घट्ट बसलेला आहे, की त्या शब्दाने हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मूळच्या, कुटुंबांतील मुलांचे चित्र उभे राहणारच नाही. येथे केवळ अर्थ धूसर होण्याचा प्रश्न नाही. जात आणि वंश एकच आहेत ही समजूत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्टपणे नाकारली होती. भारतात निरनिराळ्या वंशांच्या लोकांची सरमिसळ झाल्यानंतर कितीतरी काळाने जाती निर्माण झाल्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषांतराच्या सोयीसाठी जात आणि वंश यांची गल्लत आपण पुन्हा करू नये, असे मला मनापासून वाटते.

राहिला ‘वंश’. ‘वंशावळ’, ‘निर्वंश’, ‘वंशाचा दिवा’ या शब्दांत तो कुळाचा वाचक आहे. वर्तमानपत्रांत ‘भारतीय वंशाच्या कमला हॅरिस’ असे छापून येते, तेव्हा तो आईवडिलांच्या मूळ देशाकडे बोट दाखवतो, म्हणजे तेथे तो ‘एथ्निसिटी’चेच काम करत असतो. ‘वंशवाद’ आणि ‘वंशभेद’ या शब्दांत मात्र तो ‘रेस’ या अर्थाने येतो. एकाच शब्दाकडे तीन कामे आहेत, आणि आपल्या लेखात त्यांपैकी दोन एकाच वाक्यात येणार आहेत.

माझी सूचना अशी की ‘रेस’साठी ‘वंश’ कायम ठेवावा आणि ‘एथ्निसिटी’साठी ‘मूळ’ हा साधा शब्द घ्यावा. ‘ते मूळचे साताऱ्याचे’ असे आपण सहज म्हणतो, आणि अमेरिकी सरकारी अर्जांतही हिस्पॅनिकांविषयीच्या प्रश्नात ‘ओरिजिन’ हाच शब्द दीर्घकाळ वापरला गेला आहे. त्या देशाच्या संघराज्य सरकारने १९७७ साली जी वर्गवारी ठरवली, तिच्यात वंश वेगळा विचारला जात असे, आणि ‘एथ्निसिटी’ म्हणजे व्यवहारात एवढेच, की आपण हिस्पॅनिक मूळचे आहात की नाही. १९९७ साली ‘आशियाई’ आणि ‘हवाई बेटांचे मूळनिवासी व पॅसिफिक बेटवासी’ असे दोन गट वेगळे करण्यात आले. मार्च २०२४ मध्ये दोन्ही प्रश्न एकत्र करून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा नवा गट जोडण्याचे ठरले. म्हणजे ज्या दोन संज्ञांसाठी आपण दोन मराठी शब्द शोधत आहोत, त्यांच्यामधली भिंत त्यांच्या स्वतःच्या देशातच पाडली जात आहे. लेखातील आकडे जुन्या वर्गवारीचे असतील, तर ‘वंश व मूळ’ असे दोन्ही शब्द ठेवावेत.

या वर्गवारीला निसर्गनियम समजू नये, यासाठी आपल्याच लोकांचे उदाहरण पुरेसे आहे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, असा निकाल देऊन नागरिकत्व नाकारले. १९७०च्या जनगणनेत भारतीयांची नोंद गोऱ्यांमध्ये झाली. आणि १९८०च्या जनगणनेपासून ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना आला. माणसे बदलली नव्हती, रकाने बदलले होते.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले, परंतु ‘आरक्षण’ या शब्दाची बाजू मला मांडावीशी वाटते. ‘अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’चे ‘सकारात्मक कृती’ हे शब्दशः भाषांतर पूर्णपणे निर्जीव आहे. ते वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढे काहीही येत नाही. ‘आरक्षण’ म्हटले की वाचकाला विषय तत्काळ कळतो. वंचित समाजातील विद्यार्थ्यांना प्रवेशात झुकते माप देणे हाच दोन्हींचा हेतू आहे. मग परिचित शब्द का टाळावा?

प्रतिसाद ३

हेतू जवळचा असला, तरी यंत्रणा वेगळी आहे, आणि लेख यंत्रणेविषयी असल्यामुळे हा फरक सोडता येत नाही.

मराठीत ‘आरक्षण’ आणि ‘राखीव जागा’ हे जवळजवळ समानार्थी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हापासून आपल्याकडे या शब्दात संख्या गृहीत धरलेली आहे. अमेरिकेत नेमकी हीच गोष्ट १९७८ साली बेकायदा ठरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या. अ‍ॅलन बाकी या अर्जदाराच्या खटल्यात ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, परंतु अर्जदाराचा वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहण्यास मुभा दिली. २००३ साली मिशिगन विद्यापीठाची १५० गुणांच्या मोजणीत २० गुण वाढवून देण्याची पद्धतही रद्द झाली. त्याच दिवशी त्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची, प्रत्येक अर्जाचा समग्र विचार करणारी पद्धत मात्र टिकली. पुढे २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यांत हा समग्र विचारातला वंशाचा घटकही न्यायालयाने अमान्य केला. वंशाचा आपल्या आयुष्यावर परिणाम झाला असेल, तर तो विद्यार्थ्याने अर्जातील निबंधात लिहावा, एवढी वाट सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राने मोकळी ठेवली.

आता या इतिहासात ‘आरक्षण’ हा शब्द घातला, तर ‘अमेरिकेतील आरक्षण २०२३ साली रद्द झाले’ असे वाक्य तयार होते. मराठी वर्तमानपत्रांत त्या वेळी असे मथळे सहज शक्य होते, आणि वाचकाने त्यावरून इकडच्या वादांसाठी निष्कर्ष काढले असते, जे मुळातच चुकीचे ठरले असते. राखीव जागा तेथे ४५ वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. ‘प्रवेशात वंशाचा विचार’ असे साधे, चार लोकांना कळेल असे शब्द वापरावेत. ‘झुकते माप’ हा आपलाच वाक्प्रचार चांगला आहे, मात्र त्यात पक्षपाताचा आरोप दडलेला असतो, म्हणून तो विरोधकांचे म्हणणे सांगतानाच योग्य वाटेल.

‘अल्पसंख्याक’ या शब्दाचीही हीच गत आहे. आपल्याकडे तो बहुतांशी धर्माशी जोडला गेला आहे. शिवाय मूळ लेखात बहुधा ‘अल्प प्रतिनिधित्व असलेले अल्पसंख्याक’ अशी संज्ञा असेल. कॉमन अ‍ॅपच्या अहवालांत तिच्यात कृष्णवर्णीय, लॅटिनो, अमेरिकेचे मूळनिवासी आणि हवाई व पॅसिफिक बेटांचे मूळनिवासी येतात, पण आशियाई येत नाहीत. केवळ ‘अल्पसंख्याक’ लिहिल्यास आशियाई मुलेही त्यात मोजली जातील आणि सगळे आकडे विसंगत दिसू लागतील.

प्रतिसाद ४

मी न्यू जर्सीत राहते, आणि मुलीचा अर्ज भरताना हे रकाने पाहिले आहेत, म्हणून एक गोष्ट जोडते. पुण्याहून शिक्षणासाठी व्हिसावर येणारा विद्यार्थी आणि येथे जन्मलेली माझी मुलगी, दोघांचीही मायबोली मराठी. पण सरकारी आकडेवारीत माझी मुलगी ‘आशियाई’ आणि तो ‘अनिवासी’. त्याचा वंश त्या मोजणीत येतच नाही. त्यामुळे मराठी लेखात ‘भारतीय विद्यार्थी’ असे लिहिले, की ते या दोघांपैकी कोण, हे सांगणे आवश्यक होते. आमच्यासाठी ‘भारतीय मूळचे अमेरिकी’ आणि त्याच्यासाठी ‘भारतातून आलेले विद्यार्थी’ असे लिहिल्यास गोंधळ होणार नाही.

प्रतिसाद ५

‘वंश’ आणि ‘मूळ’ यांवर पुरेशी चर्चा झाली. माझ्या मते खरा धोका ‘अर्ज’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दात आहे. कॉमन अ‍ॅपमधून एक विद्यार्थी २० महाविद्यालयांपर्यंत अर्ज पाठवू शकतो. म्हणून अर्ज वाढले याचा अर्थ अर्जदार वाढले असा होत नाही, आणि ‘अर्जांत अमुक गटाचा वाटा’ व ‘अर्जदारांत अमुक गटाचा वाटा’ ही दोन निराळी विधाने आहेत.

पुढच्या पायरीवर मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षा अधिक मदत करते. ‘प्रवेश मिळालेले’ आणि ‘प्रवेश घेतलेले’ या दोन क्रियापदांत सगळा भेद स्पष्ट होतो. ‘प्रवेशित विद्यार्थी’ असा कृत्रिम शब्द केला, की तो नाहीसा होतो. २०२३च्या निकालानंतरचे जे आकडे सर्वत्र फिरले, ते प्रवेश घेतलेल्यांचे होते. एमआयटीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा वाटा त्याआधीच्या काही वर्षांत सरासरी १३ टक्के होता, तो २०२४च्या तुकडीत ५ टक्क्यांवर आला. अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात तो ११ वरून ३ टक्क्यांवर आला. हार्वर्डमध्ये १८ वरून १४. येलमध्ये मात्र १४ टक्केच राहिला. यावरून ‘कृष्णवर्णीय मुलांनी अर्ज करणे सोडले’ असे म्हणता येत नाही, कारण अर्ज हा वेगळा आकडा आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ साली सार्वजनिक विद्यापीठांत वंशाचा विचार करण्यास बंदी घातली आणि त्याच सुमारास टेक्ससमध्येही न्यायालयीन निकालाने ती आली, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. उत्तम गुण असलेल्या कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांनी नामवंत सार्वजनिक विद्यापीठांकडे आपले परीक्षेचे गुण पाठवण्याचे (म्हणजे अर्ज करण्याच्या इराद्याचे) प्रमाण कमी केले नाही, असे त्यांना दिसले. दार अरुंद झाले, तरी मुलांनी दार ठोठावणे सोडले नाही.

‘वंश न सांगितलेले’ हा गटही विसरू नये. हार्वर्डमध्ये २०२४ साली त्याचे प्रमाण ४ वरून ८ टक्क्यांवर गेले. यांना ‘इतर’ म्हणणे चूक आहे. ‘इतर’ हा एक रकाना आहे, आणि यांनी कोणताच रकाना भरलेला नाही.

‘कल’ही बदलावा. ‘विद्यार्थ्यांचा कल’ म्हटले की आवड असा अर्थ होतो. आपल्याला ‘बदलते प्रमाण’ म्हणायचे आहे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. शीर्षक आता असे केले आहे : ‘अल्प प्रवेशदराच्या अमेरिकी महाविद्यालयांकडे अर्ज करणाऱ्यांत वंश व मूळ यांनुसार बदलते प्रमाण’. लांब झाले, तरी त्यात चुकीचे वाचले जाईल असे मला काही दिसत नाही. ‘आरक्षण’ हा शब्द लेखात आता एकदाच येतो, तो डेव्हिसच्या १६ जागांविषयीच्या वाक्यात, कारण त्या खरोखरच राखीव जागा होत्या. एक शंका उरली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या प्राधान्याला मूळ लेखात ‘लेगसी’ म्हटले आहे, आणि मी ‘वारसा’ असे लिहिले होते.

प्रतिसाद ६

‘वारसा’ म्हटले की किल्ले आणि लेणी आठवतात, ‘वारसाहक्क’ म्हटले की कायद्याने मिळणारा वाटा, आणि हा तर हक्क नाहीच. ‘माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना प्राधान्य’ असेच पूर्ण लिहावे.