क्लिकमागे पैसे मोजायच्या जाहिराती परवडतात का? आपापला हिशेब मांडा

वाळपईकरीण

गोव्यातल्या सत्तरीतल्या जत्रा, देवराया आणि माटोळीला (चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूर्तीवर टांगायच्या चौकटीला) बांधायची रानफळे यांवर मी माझ्या संकेतस्थळावर सहा वर्षे मराठीत लिहिते आहे. होस्टिंगचा खर्च तरी सुटेल म्हणून चार वर्षांपूर्वी पानांवर जाहिराती घेतल्या. वाचकाने क्लिक केले की जाहिरातदार पैसे देणार, त्यातला वाटा मला. चवथीआधीच्या पंधरवड्यात कांगणे, घागऱ्या, तोरिंग शोधत माणसे लोटतात. बाकी वर्षभर दिवसाला शंभरेक.

किमान रक्कम साठून पहिले पैसे हातात यायला दोन चवथी गेल्या. त्यात घरच्यांनी मला मदत म्हणून रोज क्लिक करायला सुरुवात केली आणि महिन्याची कमाई खोटे क्लिक म्हणून कापली गेली. देवीच्या जत्रेच्या वर्णनाखाली जुगाराची जाहिरात दिसली त्या दिवशी तर रात्रभर झोप लागली नाही. यात लिहिणाऱ्याचेही भले नाही आणि पैसे लावणाऱ्याचेही नाही, जाहिराती पुरवणारा मधला तेवढा जगतो, असे माझे मत झाले आहे. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर आकड्यांसकट सांगा.

सावईवेरेकर

ताई, तुमच्या बाजूचे पटते, पैसे लावणाऱ्याच्या बाजूचे नाही. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. जवळ समुद्र नाही. पहिल्या वर्षी, 'गोवा हॉटेल'सारखे ढोबळ शब्द शोधणाऱ्यांना आमची जाहिरात दिसावी म्हणून त्या शब्दांवर बोली लावली आणि कळंगुट-बागाला निघालेल्यांचे क्लिक विकत घेत बसलो. हॉटेलात नोकरी शोधणारेही आले. अठरा हजार गेले, खोली एकही भरली नाही.

मग 'बीच', 'नोकरी', 'कॅसिनो' हे शब्द वगळायच्या यादीत घातले. 'फोंडा कुळागर मुक्काम' अशा नेमक्या शब्दांवरच बोली ठेवली. आता क्लिक १२ रुपयांना पडतो आणि साठ क्लिकमागे एक आरक्षण येते, म्हणजे ७२० रुपये. खोली २,५०० ची, पाहुणा सरासरी दोन रात्री राहतो, बिल ५,०००. हेच आरक्षण खोल्या लावून देणाऱ्या ॲपवरून आले तर आमच्या कराराप्रमाणे १८ टक्के, म्हणजे ९०० द्यावे लागतात.

म्हापशेकर

बाब, जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटी कुठे धरलात? ७२० चे ८५० झाले. तुम्ही जीएसटीत नोंदलेले नसाल तर त्यातला पैसाही वळता होत नाही. ॲपच्या ९०० शी ताडले तर राहिले पन्नास. त्या पन्नासात यादी सांभाळायची, फोन घ्यायचे, आलेल्या चौकशीला रात्री अकराला उत्तर द्यायचे.

शिवाय त्या आरक्षणांतले किती जण तुमचे नाव आधीच ऐकून आले होते? ईबे या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्ये स्वतःच्या नावावरच्या शोध-जाहिराती बंद करून पाहिल्या, तर जवळजवळ सगळे लोक जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. येणारच होते त्या माणसासाठी पैसे मोजणे याला मी धंदा म्हणत नाही.

सावईवेरेकर

जीएसटीचे बरोबर आहे, मी धरला नव्हता. पण ईबेचा दाखला पुरा सांगा. त्याच अभ्यासात नवखे आणि क्वचित खरेदी करणारे लोक जाहिरातीमुळे वाढले, असेही निघाले होते. ईबे सगळ्यांना माहीत आहे. सावईवेऱ्यातल्या चार खोल्या पुण्यातल्या माणसाला कशा माहीत असणार? माझा पाहुणा नवखाच असतो. आणि थेट आला की त्याचा नंबर माझ्याकडे राहतो. दुसऱ्या खेपेला तो फोन करतो, तेव्हा क्लिकही नाही आणि कमिशनही नाही. गेल्या हिवाळ्यात अशी अकरा कुटुंबे परत आली.

नावावरची बोली मात्र या महिन्यात बंद करून पाहतो.

पर्वरीचा बोलीवाला

मी दुसऱ्यांच्या जाहिराती सांभाळतो, माझे पोट त्यावर आहे, हे आधी सांगून टाकतो.

लहान माणूस इथे टिकतो तो लिलावाच्या रीतीमुळे. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधसेवेने शब्दांचा लिलाव सुरू केला तेव्हा ज्याची बोली जास्त तो वर, एवढाच नियम होता. गूगलने २००० मध्ये जाहिराती सुरू केल्या त्या दिसण्यावर पैसे घेऊन. २००२ मध्ये क्लिकची बोली आणली, पण बोलीला लोक किती वेळा क्लिक करतात त्याने गुणले. समजा सावईवेरेकरबाबांची बोली १० रुपये आणि शंभरांत सहा क्लिक, मोठ्या हॉटेलची २५ रुपये आणि शंभरांत दोन. साठ विरुद्ध पन्नास. कुळागर वर. आज हिशेबात आणखी पुष्कळ गोष्टी येतात, गाभा तोच.

वाळपईच्या ताई, 'मधला तेवढा जगतो' हे सगळीकडे खरे नाही. इतरांच्या पानांवर जाहिराती देणाऱ्या, २००३ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या ॲडसेन्सचा दाखला घेतला तर लेखांच्या पानांवरचा ६८ टक्के वाटा अनेक वर्षे पानाच्या मालकाचा होता. २०२४ पासून तिथे पैसेही क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर मिळतात. तुमची अडचण वाट्याची नाही. माटोळी शोधणाऱ्या माणसाला गाठायला बोली लावणारेच थोडे, म्हणून दर पडलेला. जुगाराच्या जाहिराती बहुतेक सेवांत विषय निवडून बंद करता येतात, ते आजच करा.

काणकोणची मिरची

बोली, गुणाकार सगळे समजले. पण मी खोला मिरची विकते. पाव किलोच्या पाकिटावर मला सत्तर रुपये सुटतात. १२ रुपयांचे सहा क्लिक झाले की नफा संपला, आणि सहा जणांत एक तरी घेतोच असे कुठे आहे? दोन महिने करून पाहिले, नऊ हजार घातले, एकवीस पाकिटे गेली. त्याच पैशांत मी फोंड्याच्या एका प्रदर्शनात टेबल घेतले, तीन दिवसांत माल संपला, आणि गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर नंबर दिले. खोली विकणाऱ्याचा हिशेब मिरची विकणाऱ्याला लावू नका.

पर्वरीचा बोलीवाला

मान्य. तुम्ही माझ्याकडे आला असता तर मीच नको म्हटले असते.

म्हापशेकर

ताई, तुम्ही काय ठरवले?

वाळपईकरीण

जत्रांच्या पानांवरून सगळ्या जाहिराती आज काढल्या. आकडे पाहिल्यावर एवढे कबूल करते की पैसे लावणारा सगळीकडे बुडत नाही. माझ्या पानांवर मात्र ते जमत नाही. माटोळीच्या पानावर फोंड्याच्या बाजारात बसणाऱ्या एका बाईंची जागा ठेवणार आहे. तिच्याकडे काय रानफळे आली ती रोज लिहायची, चवथीपर्यंत ठरावीक १,५०० रुपये. क्लिक मोजायचे नाहीत.

म्हापशेकर

मग त्या बाईला गिऱ्हाईक तुमच्याकडून आले हे कळणार कसे?

वाळपईकरीण

पानावर लिहिले आहे, 'वाळपईच्या बाईने सांगितले म्हणा, एक कांगण्याचा घोस जास्त मिळेल.' घोस किती गेले ते ती मोजणार आहे.