अनुभव धागा: गल्लीतलं झाड आणि तुमची सगळ्यात जुनी आठवण

शाळेत जायच्याही आधीची एखादी आठवण आणि तिला चिकटलेलं घराजवळचं झाड, पाखरू नाहीतर किडा, एवढाच विषय. शहरातलंच लिहा, आजोळच्या शेताबद्दल पुन्हा कधीतरी बोलू. झाडाचं नाव, जागा आणि तुम्ही त्याचं काय करायचात, हे मात्र नक्की सांगा. सुरुवात मी करते.

पुण्यात आमच्या वाड्याच्या दारातच बुचाचं झाड होतं. पावसाळा सरला की सकाळी दारात पांढरा सडा. बुचाचं फूल रात्री उमलतं आणि उजाडेपर्यंत गळतं, म्हणून रस्ता झाडणाऱ्या मावशी यायच्या आत वेचायला जायचं. मी साडेतीन-चार वर्षांची असेन. आजी पायरीवर बसायची, मी फ्रॉकच्या ओच्यातून फुलं आणून तिच्यापुढे ओतायची. बुचाच्या वेणीला सुई-दोरा लागत नाही. देठ बोटभर लांब नळीसारखा असतो, त्याचेच पेड घालायचे आणि दर पेडाला नवं फूल सरकवायचं. आजीच्या अंगठ्याचं नख त्या ओल्या नळ्यांवरून कसं फिरायचं, ते मला आजही दिसतं. तिचा चेहरा मात्र फोटोतलाच आठवतो. बुचाचं लाकूड ठिसूळ. एका वादळात झाड मोडलं. आता ऑक्टोबरात रस्त्याने जाताना कुठूनही तो वास आला की मी थांबते.

दादर, मुंबई
ताई, वेणीचं वाचून डोळे भरले. आम्ही हिंदू कॉलनीतले, पण बाबा संध्याकाळी पलीकडे पारशी कॉलनीत फिरायला न्यायचे. मंचेरजी जोशींनी ती वसाहत वसवताना रस्त्यागणिक वेगवेगळी झाडं लावली, हे फार पुढे कळलं. तेव्हा मला ठाऊक होती ती महोगनीची भिंगरी. महोगनीचं फळ लाकडासारखं टणक. उन्हाळ्याच्या तोंडाला ते तडकतं आणि आतून एका बाजूला पातळ पंख असलेल्या तपकिरी बिया सुटतात, गरगर फिरत खाली येतात. बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि मी हात वर करून बी सोडायचो. मला वाटायचं, बाबांच्या उंचीमुळेच ती फिरते. खाली उतरून सोडली की लगेच जमिनीवर! त्या खांद्यावरून दिसलेला रस्ता ही माझी पहिली आठवण. माझ्या मुलीलाही मी तिथेच घेऊन गेलो.

सिंगापूर (मूळची पुण्याची)
इथे रस्तोरस्ती पर्जन्यवृक्ष आहेत. संध्याकाळी पानं मिटतात. पुण्यात आमच्या शेजारच्या काकू तेच झाड दाखवून म्हणायच्या, "बघ, झाड झोपलं, आता तूही झोप." इथे ऑफिसातून परतताना मिटलेली पानं दिसली की हटकून काकूंचा आवाज येतो.

छत्रपती संभाजीनगर
झाड नाही, किडा चालेल ना? मृगाचा किडा! सिडकोत तेव्हा रिकामे प्लॉट पुष्कळ होते. जूनचा पहिला दणदणीत पाऊस होऊन ऊन पडलं की ओल्या मातीतून लालभडक मखमली किडे निघायचे. बोट लावलं की पाय आत घेऊन गप्प. श्वास रोखून वाट पाहायची, मग हळूच एकेक पाय बाहेर. दादा काडेपेटीत गवत घालून दोन-तीन ठेवायचा, आई संध्याकाळी सोडायला लावायची. ती मखमल बोटाला कशी लागते, ते दुसऱ्या कशाशी तुलना करून सांगता येत नाही. आता त्या प्लॉटवर फरशी घातलेलं पार्किंग आहे. माझ्या मुलाने हा किडा फक्त मोबाइलवर पाहिलाय, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

नागपूर
गुलमोहर. चार पाकळ्या लाल, पाचवी पांढरट, तिच्यावर लाल ठिपके. ती आंबट पाकळी खायची आणि पुंकेसरांचे कोंबडे लढवायचे. ज्याचं डोकं तुटेल तो हरला. मला खेळायला घेणारी शेजारची ताई नेहमी मुद्दाम हरायची.

ठाणे
सगळ्यांचं वाचताना एक जाणवलं. प्रत्येकाच्या आठवणीत काहीतरी खाली पडलंय किंवा जमिनीतून वर आलंय, आणि ते चिमुकल्या हाताला सापडलंय. तीन वर्षांच्या पोराला फांदी दिसतच नाही, त्याला जमीन दिसते. माझ्याकडे बकुळ होती, देवळामागची. वाळली तरी वास सोडत नाही म्हणून आई ती फुलं साड्यांच्या घडीत ठेवायची.

आमच्या नव्या सोसायटीत कंत्राटदाराने ओळीने शोभेचे पाम लावायचं ठरवलंय. दिसायला नीटस, पण त्यांच्याखाली मुलांनी वेचायचं काय? येत्या सभेत मी बकुळ आणि पारिजातक सुचवणार आहे. कचरा होतो असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा हा धागा वाचून दाखवीन, चालेल ना?